थोड्या जागेत उडणारे, हातांनी जोडावयाचे विमान

केशवापूरहून गोकुळ रस्त्याने विमानतळाकडे गेले म्हणजे सुमारे २,६०० मीटर लांबीची धावपट्टी लागते. मोठ्या प्रवासी विमानांस एवढी जागा आवश्यक असते. ‘झेनिथ सीएच ७०१’ हे दोन आसनी विमान मात्र अनुकूल स्थितीत ३० ते ४० मीटर धावूनच जमीन सोडते. ख्रिस हाइन्त्स या अभियंत्याने १९८६ साली ते सिद्ध केले.

विमान तरते ते पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे. वेग कमी असेल तेव्हा पंखाची पुढची कड वर करून उचल मिळवावी लागते. परंतु ती मर्यादेबाहेर वर केली की हवा पंखाच्या पाठीपासून सुटते आणि विमान एकाएकी खाली येऊ लागते. यावर योजलेला उपाय साधा आहे. पंखाच्या पुढच्या कडेसमोर, थोडी फट ठेवून, एक अरुंद पट्टी कायमची बसविलेली असते. फटीतून वेगाने शिरणारी हवा पंखाच्या पाठीला धरून राहते. त्यामुळे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगातही विमान तरते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असल्यास जमिनीवरून पाहणाऱ्यास ते ३० किलोमीटरनेच सरकताना दिसेल! अर्थात या पट्टीचा अडथळा कायमचाच. म्हणून विमानाचा नित्याचा वेगही ताशी १३० किलोमीटरच्या आसपासच राहतो. इंजिन बंद पडल्यास याच अडथळ्यामुळे वेग झपाट्याने घटतो, आणि चालकाने विमानाचे तोंड तत्काळ खाली केले नाही तर सावरण्यास उंची उरत नाही.

हे विमान सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने मिळते. ॲल्युमिनियमचे कापलेले पत्रे एका बाजूने ओढून पक्के करावयाच्या रिव्हेटांनी जोडावयाचे असतात. अनेक हौशी मंडळी प्रथम शेपटीचे सुकाणू जोडून आपला हात अजमावतात. हुबळीस रेल्वेचा कारखाना असल्याने पत्रा आणि रिव्हेट केशवापुरास नवीन नाहीत. परंतु डब्याचा एक रिव्हेट सैल राहणे आणि पंखाचा राहणे यांत फरक आहे.

माहितीपत्रकातील आकडेही जपून वाचावेत. ते सामान्यतः समुद्रसपाटीच्या हवेचे असतात. हुबळी सुमारे ६६० मीटर उंचीवर आहे. उंचीमुळे आणि वैशाखातील दुपारच्या उन्हाने हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती घटते आणि धाव लांबते. जमीन सोडल्यावर बांधावरची झाडे ओलांडण्यास लागणारे अंतर वेगळेच! चित्रांतून गवताळ मैदान दिसते. झाड सहसा दिसत नाही.

शेत मोकळे आहे एवढ्यावरून तेथून उड्डाण करता येत नाही. भारतात विमानाची नोंदणी व उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून घ्यावी लागते. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्यांनी तयार संच न घेता स्वतःच्याच आराखड्यावरून कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडण्यात आले. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाचा परवाना हाती पडला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये.