घोडी भरवण्याआधी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली आमची चांदणी बारा वर्षं दिग्रस तालुक्यातल्या वरातींना गेली. बँड कितीही दणदणला तरी तिचं पाऊल चुकलं नाही. पंधराव्या वर्षी माझ्या मनानं घेतलं, हिच्या माघारी हिचं एक शिंगरू दावणीला हवं. बाबा म्हणाले, "एकदाई व्याली नाही थे. आता काहून तिले संकटात घालतं?" मी ऐकलं नाही.

फाल्गुनात भरवली. माघात सडांवर मेणासारखा चीक जमला. मी कोठ्यातच झोपू लागलो, कारण घोडी बहुधा रात्रीच विते. दोनच्या सुमारास ती आडवी झाली आणि पांढुरक्या पाणमोटीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी बाहेर आली. ती वेळेआधी सुटलेली वार होती. अशा वेळी पोटातल्या शिंगराचा श्वास तुटत असतो. पिशवी हातानं त्याच क्षणी फाडून त्याला ओढून काढायचं असतं. मला ते ठाऊक नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावत राहिलो.

शिंगरू पूर्ण दिवसांचं होतं. कपाळावर आईचाच टिळा. चांदणी पहाटेपर्यंत त्याला चाटत होती, नाकानं ढोसून उठवत होती. पुढे आठवडाभर तिच्या मागच्या पायांवरून दूध ओघळत राहिलं.

आता कुणी विचारायला आलं की मी आधी विचारतो, दोघांतलं एकच वाचलं तर? उत्तर देताना जीभ अडखळली तर भरवू नका. घोडीची वेण गाईसारखी नसते. जोराच्या कळा सुरू झाल्या की अर्ध्या तासात सुटका व्हावी लागते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर. जवळचे डॉक्टर आले तरी तेवढ्यात पोचतील याचा भरवसा नाही. घोड्यात हात बसलेल्या डॉक्टरांकडून सगळं आधी शिकून घ्या. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत सडाला लागावं, तीन तासांत वार पडावी. गाईची वार पडायची आपण रात्रभर वाट बघतो. घोडीची अडकली तर विष अंगात भिनून खुरांत उतरतं.

भरवल्यावर पंधराव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी करा, जुळी घोडीला क्वचितच पेलतात. घोड्याचं रक्त तपासल्याशिवाय घोडी त्याच्याकडे नेऊ नका. पैशाचंही ऐका: अकरा महिने पोट, मग सहा महिने पाजणं, त्यात लग्नसराई जाते. आणि शिंगरू आईवरच जाईल याची हमी कोण देणार?

पुढच्या फाल्गुनात ती पुन्हा माजावर आली. घोडेवाले घरी येऊन गेले, मी नाही म्हटलं. चांदणी आज वीस वर्षांची आहे. शेळीची करडं पायांत शिरली की ती खूर उचलत नाही.