टेम्पोला दुसरे इंजिन बसवताना

जुन्या टेम्पोवर धंदा करणाऱ्या बांधवांवर हा दिवस येतोच : बॉडी ठीक, इंजिन मात्र खलास. आम्ही शहागंजातून कन्नड-सिल्लोडच्या बाजारात कापडाचे गठ्ठे नेतो, आमच्यावरही आला. नव्या गाडीसाठी व्याजी कर्ज नको, म्हणून जुन्या बाजारातून इंजिन आणले.

विकणाऱ्याने ते धुऊन, रंग देऊन ठेवले होते. चालू करून न पाहताच आम्ही रक्कम मोजली. गाडीत बसवल्यावर कळले, रिंगा गेलेल्या! ऐब लपवून माल विकणे नाजायज. पण पारखून घेणे आमचेही काम होते. कापड आम्ही बोटांनी चोळून घेतो, इंजिन मात्र रंगावर घेतले. इंजिन गरम होईपर्यंत चालवावे, मग तेलाची टोपी काढावी. तिथून दाबाने धूर आला तर सौदा सोडावा.

इंजिन त्याच मॉडेलचे घ्यावे, नाहीतर फाउंडेशन, गिअरबॉक्स जुळत नाही. इंजिन उतरलेच आहे तर क्लचप्लेट आणि मागचे ऑइलसील तेव्हाच बदलावे. सील स्वस्त असते, त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी महाग पडते.

बिलावर इंजिन नंबर हवाच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आधी घ्यावी; मंजुरीविना बदलले असल्यास १४ दिवसांत कळवावे लागते. नंबर आरसीवर चढला नाही, तर अपघातानंतर विमा कंपनी हरकत काढू शकते. आणि विनाबिलाचे इंजिन चोरीचे निघाले, तर ठाण्यात जबाब आपल्यालाच द्यावा लागतो.