मुंग्या पाळाव्यात का?

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. त्या सुमारास पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंख असलेले कीटक जमतात. त्यांत वाळवी असते, तशा मुंग्याही असतात. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचे मरण जवळ आले, असे मराठीत म्हणतात. उर्दूतही ‘चींटी के पर निकलना’ याचा अर्थ तोच आहे. नर मुंग्यांच्या बाबतीत हे खरे आहे. मिलनानंतर ते लवकरच मरतात. राणी मात्र आपले पंख गाळून टाकते, जमिनीत शिरते आणि अंडी घालते. पहिली पिल्ले मोठी होईपर्यंत पुष्कळ जातींच्या राण्या काहीच खात नाहीत. काही जातींची राणी वीस वर्षांहून अधिक जगते.

अशी राणी काचेच्या नळीत ठेवून तिचे वारूळ वाढताना पाहणे, हा काही लोकांचा छंद आहे. नळीत थोडे पाणी, त्यावर कापसाचा बोळा, एवढेच सुरुवातीला लागते. मग सरकारने त्यात का पडावे?

केनिया देशातील एक गोष्ट पाहा. एप्रिल 2025 मध्ये तेथे बेल्जियमच्या दोन तरुणांजवळ सुमारे 5,000 राणी मुंग्या सापडल्या. त्या दोन हजारांहून अधिक नळ्यांत भरलेल्या होत्या. ‘हा आमचा छंद आहे,’ असे ते म्हणाले. न्यायालयाला ते पटले नाही. मे महिन्यात त्यांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड झाला. न भरल्यास एक वर्ष कैद. एक राणी गेली की एक वारूळ गेले. या मुंग्या गवताचे बी गोळा करतात आणि ते रानात पसरते. तेव्हा नुकसान फक्त मुंग्यांचे नव्हते.

दुसरा धोका याच्या उलट आहे. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी लाखो लाल खेकडे मारले. म्हणूनच अमेरिकेत राणी मुंगी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाही परवानगी लागते. आपल्याकडे घातक कीटकांविषयीचा कायदा 1914 सालचा आहे. त्याखालील 2003 च्या आदेशानुसार परदेशातून जिवंत कीटक आणायचा तर आधी परवाना घ्यावा लागतो.

आता समजा, पिंप्राळ्यातील एका मुलाने अंगणातली एक राणी नळीत ठेवली. त्यालाही परवाना मागावा काय? मला तसे वाटत नाही. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास 1972 च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, तरी पिंजरे दिसतातच. जो नियम घरोघरी जाऊन पाळायला लावता येत नाही, तो पुस्तकातच राहतो. नियम हवा तो विक्रीवर आणि परदेशी मुंग्यांवर. त्या मुलाला एवढेच सांगावे, की छंद सोडायचा झाला तर मुंग्या जेथून आणल्या तेथेच नेऊन सोड.

शब्दार्थ : वारूळ – मुंग्यांचे घर. छंद – शौक. परवाना – सरकारी परवानगी. मनाई – बंदी.

स्वाध्याय
1. केनियाच्या न्यायालयाने तरुणांना काय शिक्षा दिली?
2. ‘एक राणी गेली की एक वारूळ गेले’ असे लेखक का म्हणतो?
3. लेखकाचे मत तुम्हांला पटते काय? पाच-सहा वाक्यांत लिहा.