खेड्यांतील विहीर आणि तिचा हापसा

आफ्रिका खंडाचा नकाशा आपण भूगोलाच्या तासाला पाहिलाच असेल. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिनीच्या आखाताला लागून, घाना नांवाचा देश आहे. १९५७ सालीं तो स्वतंत्र झाला. त्याचा दक्षिण भाग पुष्कळ पावसाचा व दाट अरण्याचा. परंतु जसजसें उत्तरेकडे जावें तसतसें रान विरळ होत जातें, आणि तामाले शहराच्या आसपास गवताळ माळ लागतो. तेथील खेड्यांत मातीच्या गोल भिंतींचीं व गवती छपरांचीं घरें पुष्कळ दिसतात. बाजरी, मका, भुईमूग आणि याम नांवाचा सुरणासारखा कंद हीं तेथील मुख्य पिकें. पाऊस वैशाखापासून आश्विनापर्यंत पडतो. पुढें सहारा वाळवंटाकडून हरमॅटन नांवाचा धुळीचा कोरडा वारा वाहूं लागला कीं सारा प्रदेश सुकून जातो. अशा खेड्याला पिण्याचें स्वच्छ पाणी कसें मिळतें, आणि एकदां मिळालेलें पाणी टिकतें कसें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

पाणवठ्याची पूर्वस्थिति

या भागांत बारमाही ओढे थोडे. म्हणून गांवाशेजारीं एक मोठें तळें खणून त्यांत पावसाचें पाणी सांठवावें, अशी तेथील रीत. त्याच तळ्यांत गुरें उतरत, तेथेंच कपडे धुतले जात, आणि पिण्यासाठीं घरीं जाई तेंही तेंच पाणी. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा चिखल होई. पाणी आणणें हें काम तेथेंही बायकांचें व मुलींचेंच. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. तें डोक्यावर घेऊन दिवसांतून अनेक खेपा करावयाच्या! जिची सकाळ अशी जाते ती मुलगी शाळेंत उशिरां पोंचते, किंवा पोंचतच नाहीं. म्हणून पाण्याचा प्रश्न हा प्रथम तिचा प्रश्न आहे, हें आपण विसरतां कामा नये.

नारूचें चक्र

असल्या पाण्यापासून पटकी, विषमज्वर व हगवण हे रोग पसरतात, हें आपण आरोग्यशास्त्रांत शिकतों. परंतु उत्तर घानाला विशेष पीडा दिली ती नारूनें. हा रोग आपल्याकडील वडीलधाऱ्यांना अपरिचित नाहीं. ज्यांत पाय बुडवून पाणी भरावें लागे अशा पायऱ्यांच्या विहिरी हें त्याचें माहेरघर होतें. नारूचे सूक्ष्म जंत पाण्यांतील एका अगदीं लहान कीटकाच्या शरीरांत राहतात. असें पाणी मनुष्यानें प्याल्यावर कीटक मरतो, पण जंत जगतो व वाढतो. सुमारें एका वर्षानें दोन-तीन फूट लांबीची मादी, बहुधा पायावर फोड आणून, बाहेर येऊं लागते. आग शमविण्यासाठीं रोगी पाय पाण्यांत बुडवितो, आणि त्याच क्षणीं ती मादी हजारों पिलें पाण्यांत सोडते. हें चक्र असेंच फिरत राहतें. या रोगावर गुण देणारें औषध नाहीं व लसही नाहीं. नारू काडीवर गुंडाळून दररोज थोडा थोडा ओढून काढावा लागतो. तोंपर्यंत घरचा कर्ता पुरुष खाटेवर असतो व शेत ओस पडतें. १९८९ सालीं एकट्या घानांत या रोगाचे सुमारें १,८०,००० रोगी आढळले होते.

हापसा कसा चालतो

यावर मुख्य उपाय म्हणजे ज्या पाण्यांत कोणाला पाय बुडवितांच येत नाहीं असें पाणी. अर्थात् जमिनींत खोल विंधलेली, बंद तोंडाची विहीर व तिच्यावर बसविलेला हातपंप. यालाच आपण हापसा म्हणतों.

हवेच्या दाबावर चालणारा साधा पंप व्यवहारांत सात मीटरांच्या आसपासच थकतो. म्हणून खोल विहिरींत पंपाचें नळकांडें थेट पाण्याखालीं सोडतात. त्यांत एक दट्ट्या असतो. दट्ट्याला एक झडप असते व नळकांड्याच्या तळाला दुसरी. हापशाचा दांडा खालीं दाबला म्हणजे आंतील सळई दट्ट्यास वर ओढते. तेव्हां दट्ट्याची झडप मिटून वरचें पाणी उचललें जातें, आणि तळाची झडप उघडून नवें पाणी आंत येतें. दांडा सोडला म्हणजे दट्ट्या खालीं उतरतो, त्याची झडप उघडते व तळाची मिटते.

आतां थोडें गणित करूं. नळकांड्याचा व्यास ६.३५ सेंटिमीटर व पाण्याची खोली ३० मीटर धरली, तर वर असलेल्या पाण्याच्या स्तंभाचें वजन सुमारें ९५ किलो भरतें. हें कोणती मुलगी उचलणार? परंतु दांड्याची हाताकडील बाजू दुसऱ्या बाजूच्या आठपट लांब ठेवली, तर तरफेच्या नियमानें तिच्या हाताला सुमारें बारा किलोंचाच भार लागतो. पुढें पहा. घानांतील ग्रामीण पाणीयोजनेंत एका हापशावर ३०० माणसें व माणशीं दररोज २० लिटर पाणी असें प्रमाण ठरविलेलें आहे. म्हणजे दिवसाचें पाणी झालें ६,००० लिटर. ताशीं ८०० लिटर पाणी येतें असें मानलें, तर हापशाला रोज साडेसात तास अखंड राबावें लागतें. जें यंत्र इतकें राबतें तें झिजणारच.

जालना, सोलापूर व घाना

हा धडा प्रथम आपल्याच देशांत शिकला गेला. १९६६-६७ च्या दुष्काळाच्या सुमारास भारतांत पुष्कळ विहिरी विंधण्यांत येऊं लागल्या. परंतु त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मुळांत एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठीं आखलेले होते. साऱ्या गांवाचा मार त्यांना सोसवेना. कांहीं वर्षांतच त्यांपैकीं बहुतेक बंद पडलेले आढळले. अशा वेळीं जालना येथील मिशनमध्यें पोलादी व एकाच कण्यावर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पंप तयार झाला, आणि सोलापूर येथें त्याच मार्गानें अधिक टिकाऊ पंप बनला. सोलापूरचा नमुना पुढें ठेवून युनिसेफ व भारत सरकार यांनीं १९७५ नंतर ‘इंडिया मार्क दोन’ हा हापसा सिद्ध केला. त्यांत सळई साखळीला टांगलेली असते, त्यामुळें ती घासल्यावांचून सरळ वरखालीं होते.

हा हापसा आफ्रिकेंतील अनेक देशांत गेला, तसाच घानांतही गेला. तेथें मात्र नवी अडचण उभी राहिली. कित्येक ठिकाणचें भूगर्भांतील पाणी किंचित् आम्ल असल्यामुळें जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ गंजूं लागले. पाणी तांबूस येई व त्याला लोखंडाची चव लागे. मग बायका तें टाकून पुन्हां तळ्याकडे वळत. म्हणून घानासाठीं या हापशांत फेरफार करून न गंजणारे नळ वापरण्यांत आले. दुसरी अडचण दुरुस्तीची. जड नळ वर काढावयाचे तर कसबी कारागीर व अवजारें दूरच्या शहरांतून आणावीं लागत. यावर तोड म्हणून १९८० नंतरच्या दशकांत मलावी व केनिया या देशांत ‘आफ्रिदेव’ नांवाचा हापसा तयार झाला. त्याचे नळ प्लॅस्टिकचे. झडपा व दट्ट्या नळ न काढतां वर ओढून घेतां येतात, आणि गांवांतील शिकविलेलीं माणसें हें काम साध्या अवजारांनीं करूं शकतात.

विहिरीचा सांभाळ

परंतु यंत्र कितीही चांगलें असलें तरी आपोआप दुरुस्त होत नाहीं. म्हणून १९९४ पासून घानांत गांवोगांव पाणीसमित्या नेमण्याचा क्रम सुरू झाला. समितींत स्त्रियाही असाव्यात, असा कटाक्ष ठेवण्यांत आला. कारण हापसा बिघडल्याचें प्रथम त्यांनाच कळतें. समितीनें पैसे जमवावे, हिशेब ठेवावा, दट्ट्याचें वायसर वेळेवर बदलावें, ओटा स्वच्छ ठेवावा व सांडपाणी दूर काढून द्यावें, हें तिचें काम. जेथें ही काळजी घेतली जात नाहीं तेथें विहिरींत पाणी असूनही गांव तहानलेलें राहतें. आफ्रिकेच्या खेड्यांतील हापशांची मोजणी झाली तेव्हां सुमारें एक तृतीयांश हापसे कोणत्याही वेळीं बंद असतात असें दिसून आलें. तामालेजवळच्या साव्हेलुगू गांवीं पाणीपुरवठा तुटला, आणि ओसरत चाललेला नारू २००७ सालीं तेथें पुन्हां उसळला.

तरीही प्रयत्न सोडले गेले नाहींत. विहिरींच्या जोडीला पाणी गाळण्यासाठीं फडकीं वाटण्यांत आलीं. शेतावर जाणाऱ्यांना तोंडाला लावून पाणी ओढावयाच्या गाळणीच्या नळ्या देण्यांत आल्या. स्वयंसेवक घरोघर फिरून रोग्यांना तळ्यापासून दूर ठेवूं लागले. २०१० सालीं घानांत नारूचा शेवटचा रोगी आढळला, व २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तो देश नारूमुक्त ठरविला. भारताला हा मान २००० सालींच मिळाला होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विहीर खणण्याचा दिवस सणाचा असतो. त्या दिवशीं पाहुणे येतात, भाषणें होतात. पण गांवाला पाणी मिळालें कीं नाहीं हें त्या दिवशीं कळत नाहीं. पहिलें वायसर झिजतें, आणि तें बदलण्यास माणूस, पाना व चार पैसे गांवांतच सांपडतात, त्या दिवशीं तें कळतें.

विद्यार्थ्यांनीं सुटींत आपापल्या गांवचा एक हापसा नीट पाहावा व पुढील प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहावीं. त्यावर किती माणसें पाणी भरतात? एक बादली भरण्यास किती वेळ लागतो? सांडपाणी कोठें जातें? तो शेवटीं केव्हां बिघडला, व किती दिवस बंद होता? तो दुरुस्त कोणी केला? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर गांवांत कोणालाच देतां आलें नाहीं, तर पालकांनीं तो प्रश्न स्वतः हातीं घ्यावा, अशी आमची त्यांना विनंति आहे.