विकिपीडिया : गाव करील ते राव काय करील!

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या जवळजवळ प्रत्येक खोलीत एक वेबसाइट हमखास उघडलेली असते. जर्नलमधली 'थिअरी' कुठून येते हे सगळ्यांना माहीत आहे, अगदी सरांनासुद्धा! पण ज्या विकिपीडियावर आपण एवढे विसंबून असतो, तो लिहितं कोण? त्यात काय येतं, काय येत नाही, हे ठरवतं कोण? आणि आपलं वसई-विरार, आपली मराठी त्यात किती आहे? या लेखात हाच अभ्यास थोडक्यात करायचा आहे.

आधी थोडा इतिहास

ज्ञानकोश ही कल्पना मराठीला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली, भागभांडवल जमवलं, वर्गणीदार गोळा केले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पूर्ण केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि सगळे वीस खंड पूर्ण व्हायला जवळपास चार दशकं लागली. दोन्ही कामं थोर, पण पद्धत एकच. संपादक मंडळ विषय ठरवणार, जाणकार लिहिणार, छापखाना छापणार आणि आपण वाचणार.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियाने ही पद्धत उलटी केली. आधी लिहा, सुधारणा नंतर सगळे मिळून करतील! मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आज ३०० पेक्षा जास्त भाषांत विकिपीडिया आहे आणि त्यातले लेखक बिनपगारी आहेत. कोणी बँकेत नोकरी करतो, कोणी निवृत्त शिक्षक आहे, कोणी आपल्यासारखाच विद्यार्थी आहे.

हे चालतं कसं?

'कोणीही बदल करू शकतो, मग सगळं खोटंच असणार!' असं आपल्यातले बरेच जण म्हणतात (आणि मग तिथूनच कॉपी करतात!). पण यामागची व्यवस्था इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला लगेच समजेल अशी आहे. प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला हे त्यात कायमचं राहतं. दोन आवृत्त्यांमधला 'फरक' शेजारी शेजारी दिसतो आणि एका क्लिकवर जुनी आवृत्ती परत आणता येते. आपण प्रोजेक्टचा कोड गिटवर ठेवतो, तसंच काहीसं. लेख बिघडवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तो पूर्ववत होतो. म्हणून तर हे टिकलं.

प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं. तिथे वाद घालायचे, लेखात नाही. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी बोलायच्या जागेला 'चावडी' म्हणतात आणि सराव करायच्या पानाला 'धूळपाटी'. किती छान शब्द आहेत ना! व्यवस्था बघणाऱ्या सदस्यांना 'प्रचालक' म्हणतात आणि तेही स्वयंसेवकच असतात.

नियम अनेक आहेत, पण मुख्य तीन लक्षात ठेवा. पहिला, लेखन तटस्थ हवं. दुसरा, जे लिहाल त्याला छापील किंवा विश्वासार्ह संदर्भ हवा. तिसरा, स्वतःचं नवं संशोधन इथे मांडायचं नाही. आपल्या आवडत्या नेत्याची किंवा आपल्याच कॉलेजची आरती ओवाळायची ही जागा नव्हे.

जास्त डोळे, कमी चुका

या सगळ्याला एक अट आहे. बघणारे डोळे पुरेसे असायला हवेत. इंग्रजीत चुकीचं वाक्य टाकलं तर बहुधा काही मिनिटांत कोणीतरी ते काढतं. छोट्या भाषांत तसं होतंच असं नाही. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २०२० साली उघडकीला आलं की तिथले हजारो लेख अमेरिकेतल्या एका मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती! इंग्रजी वाक्यांत इकडचे तिकडचे शब्द बदलून तो वर्षानुवर्षं लिहीत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ती भाषा बोलणारे लोक तिथे पुरेसे नव्हते, म्हणून कोणी थांबवलंच नाही.

आता मराठीकडे बघू. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक सुमारे ८.३ कोटी. मराठी विकिपीडियावरचे लेख लाखाच्या आसपास. स्वीडिश बोलणारे जेमतेम एक कोटी आणि त्यांचे लेख २५ लाखांच्या वर. इंग्रजीचे तर ७० लाखांच्या वर गेले. अर्थात नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. स्वीडिशमधले कितीतरी लेख एका संगणकीय प्रोग्रॅमने तयार केलेले आहेत. फिलिपाइन्समधल्या सेबुआनो भाषेत ६० लाखांवर लेख आहेत, तेही बहुतेक त्याच प्रोग्रॅमचे. त्यामुळे खरा प्रश्न लेख किती हा नाही. लिहिणारी, तपासणारी माणसं किती, हा आहे आणि मराठीत ती फार थोडी आहेत.

कोण लिहितं, त्यावर काय येतं हे ठरतं

विकिपीडियावर 'हे घ्या, ते वगळा' असं सांगणारा कोणी साहेब बसलेला नाही. तरी त्यात मोठ्या फटी आहेत. स्वयंसेवक आपल्याला जे आवडतं, जे माहीत असतं त्यावर लिहितो. त्यामुळे ज्या प्रकारची माणसं येतात, त्या प्रकारचं ज्ञान येतं. २०११ च्या विकिमीडियाच्या सर्वेक्षणात लिहिणाऱ्यांमध्ये स्त्रियांचं प्रमाण दहा टक्क्यांपेक्षाही कमी निघालं. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांची चरित्रं आजही साधारण पाचातलं एक एवढीच आहेत. २०१५ पासून 'विमेन इन रेड' नावाचा स्वयंसेवकांचा गट हे प्रमाण वाढवतो आहे, तेव्हा कुठे ते इथवर आलं. विकिपीडियावर ज्या विषयाचा लेख नसतो, त्याचा दुवा लाल दिसतो. 'रेड' म्हणजे तो लाल दुवा.

डॉना स्ट्रिकलंड यांची गोष्ट तर फिजिक्सच्या तासाला सांगण्यासारखी आहे. लेसरवरच्या कामासाठी त्यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्या सकाळी त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख नव्हता! त्याच वर्षी कोणीतरी लेखाचा मसुदा दिला होता. पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून तो नाकारला गेला. नाकारणाऱ्याने नियमच पाळला होता. त्यांच्याविषयी बाहेर फारसं कोणी लिहिलंच नव्हतं, तर संदर्भ येणार कुठून? म्हणजे फट दोन ठिकाणी पडते. एक विकिपीडियात आणि दुसरी त्याच्याही आधी, वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत.

आता आपल्या वसई-विरारला या

हीच गोष्ट आपल्या दारात बघा. वसईच्या किल्ल्यावर लिहायला संदर्भांची ददात नाही. पोर्तुगीजांची दप्तरं, पेशव्यांची कागदपत्रं, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम, १८०२ चा वसईचा तह, १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, असं भरपूर काही आहे. सोपाऱ्याचंही तसंच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरला, सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला, १९५६ साली भुईगावला आणखी एक सापडला. विद्वानांनी त्यावर लिहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं लेखन पुस्तकरूपात आहे, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांच्यावर लिहिणंही सोपं.

पण सामवेदी कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण घरांत बोलली जाणारी कादोडी? वाडवळी? राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी कशी करतात ती पद्धत? वारली घरांतल्या बियाण्यांची नावं? हे सगळं माणसांच्या तोंडी आहे, छापील कागदावर फार थोडं. आणि राजाने किंवा सरकारने ज्याची नोंद ठेवली, त्यालाच संदर्भ मिळतो!

सिव्हिलच्या मुलांसाठी खास उदाहरण द्यायचं तर बावखलांचं. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पावसाचं पाणी साठवणारी ही तळी. पाणी जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहायच्या, समुद्राचं खारं पाणी आत सरकायचं नाही. रहाटाने बागायतीला पाणी मिळायचं. म्हणजे आपण ज्याला 'ग्राउंड वॉटर रिचार्ज' म्हणून परीक्षेत दहा मार्कांना लिहितो, ते इथल्या शेतकऱ्याने प्रत्यक्षात बांधलेलं होतं. त्यातली अनेक बावखलं बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं, गाड्या बंद पडल्या, दिवसच्या दिवस वीज नव्हती, ते अनेकांच्या लक्षात असेल. बावखलं असती तर पूर आलाच नसता, असं एका वाक्यात म्हणता येणार नाही. पण ज्या गोष्टीची नोंदच नाही, ती नकाशा आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येणार कशी? मोकळा खड्डा म्हणूनच तिच्याकडे बघितलं जातं. ज्ञानकोशात जागा मिळणं हा नुसत्या मानाचा प्रश्न नाही, तो इथे.

आता त्यात आणखी एक भर पडली आहे. प्रश्न विचारला की उत्तर देणारे एआय प्रोग्रॅम आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. त्यांच्या शिक्षणात विकिपीडियाचा मोठा वाटा आहे. जे तिथे नाही, ते यंत्राला ठाऊक असण्याची शक्यता कमी. वर ते यंत्र ठणकावून भलतंच सांगेल, ते वेगळं!

मग आजीचं ज्ञान लिहायचं की नाही?

इथे खरी पंचाईत आहे. 'माझ्या आजीने सांगितलं' हा संदर्भ विकिपीडियावर चालत नाही. २०११ साली अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. गावातल्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच संदर्भ द्यायचा. विचार मोलाचा होता, पण मार्ग सर्वमान्य झाला नाही. 'मग कोणीही काहीही रेकॉर्ड करेल' ही शंका अगदीच खोटी म्हणता येत नाही.

माझ्या मते नियम मोडण्यापेक्षा संदर्भ तयार करणं आपल्या हातात आहे. सिव्हिलच्या गटाने एका गावातल्या बावखलांची मोजणी करावी: लांबी, रुंदी, खोली, उन्हाळ्यातली पातळी, शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा खारेपणा. तो अहवाल नीट तपासून घ्यावा, जमलं तर एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध करावा. मग त्यावरून कोणीही लेख लिहू शकेल. स्थानिक वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, पारिशच्या आणि ग्रामपंचायतीच्या स्मरणिका, वाचनालयातल्या धूळ खात पडलेल्या पुस्तिका शोधल्या तर त्यातही बरंच सापडतं.

आपण काय करू शकतो?

१. सदस्य खातं उघडा आणि धूळपाटीवर सराव करा. मराठी टंकलेखनाची सोय तिथेच आहे, वेगळा फॉन्ट लागत नाही.

२. पहिल्याच दिवशी नवा लेख नको. आधी शुद्धलेखन सुधारा, संदर्भ जोडा, दोन ओळींच्या लेखाच्या दहा ओळी करा.

३. कॉपी-पेस्ट अजिबात नको. तिथला मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, म्हणून दुसऱ्याचा मजकूर उचलून टाकला तर तो काढला जातो. यंत्राने केलेलं भाषांतरही न वाचता टाकू नका.

४. मोबाइलने फोटो काढा. स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने देता येतो.

५. लेख कोणी काढला तर चिडून निघून जाऊ नका. चर्चापानावर कारण विचारा.

सर आणि मॅडम, आपल्यालाही एक विनंती आहे. एखाद्या सेमिस्टरला असाइनमेंट म्हणून आपल्या विषयातला एक मराठी लेख सुधारायला द्या. कॉपी केलेल्या जर्नलपेक्षा त्यातून नक्कीच जास्त शिकायला मिळेल. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी भाषणांबरोबर कॉम्प्युटर लॅब दोन तास उघडी ठेवली तरी सुरुवात होईल.

आणि होस्टेलवाल्यांनो, आपण तर जागोजागचे! कोणी जळगावचा, कोणी लातूरचा, कोणी सिंधुदुर्गची. खापरावरचे मांडे, मराठवाड्यातल्या बारवा, कोकणातल्या देवराया, प्रत्येकाच्या गावाचं काही ना काही लिहायचं राहिलेलं आहेच. मेसमधल्या मावशी आणि लॅबमधले मामा इथलेच असतील तर त्यांच्याशी कधी निवांत बसून बोला. कितीतरी शब्द पहिल्यांदाच ऐकायला मिळतील.

शेवटी एक छोटा गृहपाठ. आज रात्री मराठी विकिपीडिया उघडा आणि आपल्या गावाचं नाव शोधा. लेख नसेल, तर कामाला लागा. असेल, तर नीट वाचा आणि त्यात काय राहिलं आहे ते वहीत लिहून काढा. त्या यादीतल्या पहिल्या गोष्टीला संदर्भ कुठे मिळेल, हे घरी फोन करून विचारा. गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो खरं, पण गावातलं कोणीतरी आधी उठावं लागतं!