चांदीला जाळी पडावी म्हणून

पोरांनो, धातूचा स्पंज करायला भट्टी लागत नाही की साचा लागत नाही. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये सोनं, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम या चारही धातूंचे स्पंज नुसती द्रावणं मिसळून करून दाखवले. जाळी क्षणात पडते. ती राखण्यातच खरं कसब आहे. चांदीपासून सुरुवात करा आणि एवढं लक्षात ठेवा.

भांडी निर्मळ हवीत. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर नायट्रेट पांढरं गढूळ होतं, म्हणून शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरचंच. साबणाचा अंश राहिला तर तो कणांवर बसतो आणि कण एकमेकांना धरत नाहीत.

पाणी वाढवू नका. दोन्ही द्रावणं 0.1 मोलर ठेवा. 20 मिली पाण्यात 0.34 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, 100 मिलीत 0.38 ग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड. द्रावण फार पातळ झालं की कण सुटेच राहतात. पाणी पिवळसर दिसलं की ओळखा, स्पंज हुकला.

बोरोहायड्राइड ऐनवेळी विरघळवा, तेही बर्फासारख्या गार पाण्यात. करून ठेवलेलं द्रावण बसल्या बसल्या वाया जातं. ॲसिड त्याच्या जवळही आणू नका.

एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब घालू नका, एकदम ओता. काळा फेस उसळतो, म्हणून बीकर 500 मिलीचा घ्या. लगदा आधी वर तरंगतो, पोटातले बुडबुडे सुटले की खाली बसतो. तेवढा वेळ थांबा. जोरात ढवळलंत तर जाळी मोडेल.

झाकण कधीच लावू नका. एवढ्याशा बोरोहायड्राइडमधून जवळजवळ लिटरभर हायड्रोजन सुटू शकतो. काम फ्यूम हूडमध्येच करा, आसपास ज्योत नको. वरचं पाणीही लगेच बाटलीत बंद करू नका. रात्रभर उघडं राहू द्या. हातमोजे घाला, नायट्रेटचे काळे डाग दिवसेंदिवस जात नाहीत.

धुताना घाई नको. पाणी अलगद ओतून काढा, नवं घाला. लाल लिटमस निळा होणं थांबेपर्यंत धुवत राहा.

वाळवताना तर फारच जपा. अनारशाला आचेवर जाळी पडते, इथे मात्र आच लागली की जाळी बुजते. चांदी वितळते 961 अंशांना, पण इतके बारीक कण त्याच्या कितीतरी खालीच एकमेकांत मुरतात. सोय असेल तर गोठवून निर्वातात वाळवा, नसेल तर साध्या हवेत.

शेवटी वजन करा. हिशेबाने 0.22 ग्रॅम भरायला हवं. जास्त भरलं तर ओल किंवा बोरेट राहिलंय, पुन्हा धुवा. कमी भरलं तर चांदी धुवणाच्या पाण्यात गेलीय. ते पाणी टाकू नका, गाळून घ्या.