इंजिन उघडण्याआधी

जासईत आमच्या घरी न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकलही धावू लागली. माझी गाडी मात्र माडीवर, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर धावते. खऱ्याच्या १/८७ आकाराची, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. गेल्या पावसाळ्यात तिचं इंजिन मध्येच रेंगाळायचं, मध्येच उधळायचं. त्या दुरुस्तीत शिकलो ते असं.

१. आधी खडू घ्या. मी घाईनं इंजिन उघडलं, मोटर काढून ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडे नेली. ती तपासून तो म्हणाला, "काका, मोटर चांगली हाय. तिला करंटच नीट येत नाय." तीन आठवडे गेले होते. आता गाडी जिथे मंदावते तिथे प्लायवर रेघ ओढतो. पाच फेऱ्यांच्या रेघा एकाच जागी पडल्या तर दोष रुळात. विखुरल्या तर बहुधा इंजिनात. दुसरं इंजिन त्याच रुळावर चालवलं की खात्री पटते.

२. खाडीची हवा विसरू नका. विजेवरच्या खऱ्या इंजिनाला वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट मिळतात. आपल्या इंजिनाला जेमतेम बारा, तेही चाक रुळाला टेकतं तेवढ्याच ठिपक्यातून. दमट, खारट हवेत रुळावर धरलेला पातळ थर त्याला पुरेसा आडवा येतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सुती फडक्यावर घेऊन पुसावं. पॉलिश पेपर नको. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक बसतो.

३. चाकंही तितकीच मळतात. ओलं फडकं रुळावर आडवं घालायचं, अर्धी चाकं त्यावर, अर्धी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हातानं धरायचं आणि करंट द्यायचा. फडक्यावर काळे पट्टे उमटतात. मग इंजिन फिरवून उरलेली चाकं. चाकांमागच्या, करंट घेणाऱ्या पत्त्यांत अडकलेले केस चिमट्यानं काढावेत.

४. रिकाम्या रुळावरचं मीटर फसवतं. माझा खरा दोष इथे होता आणि तो मला सर्वांत उशिरा कळला. खडूच्या रेघा बोगद्याजवळ पडत होत्या, पण मीटर तिथेही पूर्ण बारा व्होल्ट दाखवत होतं. शेवटी मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब रुळांना जोडून मोजलं. कंट्रोलरजवळ साडेअकरा, बोगद्यामागे आठ! करंट वाहू लागला की सैल जोडात व्होल्टेज खर्च होतं. करंट नसताना जोड धडधाकट भासतो. मोठ्या रेल्वेतले लोक ज्याला फिशप्लेट म्हणतात, तशी आमची चिमुकली जोडपट्टी आतून काळी पडली होती. ती बदलली आणि बोगद्यामागच्या रुळांना कंट्रोलरपासून वेगळ्या तारा आणून सोल्डर केल्या.

५. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्तीचं कम्युटेटरवर जातं, कार्बनच्या भुकटीत कालवलं जातं आणि वेग पुन्हा डळमळतो.

६. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हिसका बसत असेल तर गिअरला तडा गेलाय का पाहा. गरम झाल्यावरच इंजिन मंदावत असेल तर कार्बन ब्रश पाहा. इंजिन उघडायचं ते आता.

७. डोळ्यांवर विसंबू नका, घड्याळ लावा. माझा फेरा सहा मीटरचा. चाळीस सेकंदांत पुरा झाला तर ८७ पटीच्या हिशेबानं ताशी सुमारे ४७ किलोमीटर, मालगाडीला शोभेल असा वेग. सोल्डरिंगनंतर लागोपाठ दहा फेरे मोजले. सगळे एकोणचाळीस ते एक्केचाळीस सेकंदांत.